पहिले यंत्र कोणते घ्यावे?

कापडाच्या किंवा तयार कपड्यांच्या व्यापारात दोन-तीन पिढ्या घालविलेल्या घरांत अलीकडे एक नवी मागणी ऐकू येते. घरातील पदवीधर मुलगा, मुलगी किंवा नव्याने आलेली सून म्हणते की टी-शर्टवर गिऱ्हाइकाला हवे ते छापून द्यावे, स्टिकर करून द्यावेत, आणि हा उद्योग घरूनच सुरू करावा. हौस म्हणून झटकून टाकावी अशी ही मागणी नाही. कोऱ्या शर्टाच्या व्यापारात स्पर्धेमुळे जो नफा आता हाती राहत नाही, तो नाव, आकडा किंवा बोधचिन्ह छापलेल्या शर्टात अजून मिळतो. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. धंद्याची कल्पना बरोबर असते, मात्र पहिले यंत्र चुकीचे येते. आणि चार महिन्यांनी त्या यंत्रावर जुनी चादर पडली की त्या व्यक्तीच्या पुढच्या प्रत्येक सूचनेकडे घर त्या चादरीच्या संदर्भातच पाहू लागते. गुंतलेल्या रकमेपेक्षा हे नुकसान मोठे असते.

उदाहरणादाखल कोल्हापुरातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. तयार कपड्यांचे मध्यम दुकान, वर राहते घर, माळ्यावर एक रिकामी खोली. सून वाणिज्य पदवीधर, चित्रकलेचा हात चांगला. या धंद्यासाठी कोल्हापूरसारखे गाव शोधून सापडणार नाही. गांधीनगरची घाऊक कापडपेठ हाकेच्या अंतरावर आहे. पाटाकडील, दिलबहार अशा तालीम मंडळांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठांच्या पेठा आपल्या संघाचा रंग अंगावर घेऊन येतात. त्यात गणेशोत्सवाची मंडळे, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, पदयात्रेचे गट आणि मोटारसायकलींवर रेडियम लावून घेणारी तरुण मंडळी यांची भर. सुनेने यंत्रविक्रेत्याकडून दरपत्रक आणले आहे: हीट प्रेस, प्रिंटर, कटिंग प्लॉटर, कप छापण्याचे आणि टोपी छापण्याचे जोडयंत्र, असा सगळा संच एक लाख दहा हजारांत. सासऱ्यांच्या मनात दिवाळीच्या मालासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आहे. ते नकार देत नाहीत, होकारही देत नाहीत. अशा वेळी नेमके काय तपासावे?

शर्टावर छाप उमटविण्याच्या चार पद्धती आज प्रचारात आहेत. त्यांचे स्वभाव कळले की यंत्राची निवड निम्मी झालीच.

पहिली आणि सर्वांत जुनी स्क्रीन प्रिंटिंगची. प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट करावी लागते. तिचा खर्च एक शर्ट छापला काय किंवा पाचशे छापले काय, तेवढाच. म्हणून शंभर-दोनशे शर्टांची एकरंगी ऑर्डर असेल तर या पद्धतीइतकी स्वस्त दुसरी नाही, आणि पाच शर्टांसाठी इतकी महागही दुसरी नाही. हे काम करणारे कारागीर गावोगाव आहेत. मोठी ऑर्डर आली तर त्यांच्याकडून करून घ्यावी. घरी चौकटी, शाई आणि वाळवणीचा पसारा मांडण्याचे कारण नाही.

दुसरी पद्धत व्हायनलची. कटिंग प्लॉटर संगणकावरील आकृतीप्रमाणे रंगीत व्हायनल कापतो, नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढावा लागतो, आणि उरलेले अक्षर हीट प्रेसखाली साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णतेत दहा-पंधरा सेकंद दाबले की कापडावर बसते. खेळाडूच्या पाठीवरील नाव आणि क्रमांक यांसाठी ही पद्धत उत्तम. सोलण्याचे काम मात्र वेळखाऊ आहे. बारीक नक्षी असेल तर एका शर्टात अर्धा तास सहज जातो आणि त्या अर्ध्या तासाची किंमत हिशेबात कोणीच धरत नाही.

तिसरी सब्लिमेशनची. विशेष शाईने कागदावर छापायचे आणि तो कागद कापडावर ठेवून १९० ते २०० अंशांत पाऊण ते एक मिनिट दाबायचा. शाईतील रंग वायुरूप होऊन थेट धाग्यात शिरतो, त्यामुळे छाप हाताला लागत नाही आणि धुण्याने जात नाही. परंतु दोन अटी आहेत, आणि विक्रेते त्या दबक्या आवाजात सांगतात. हा रंग पॉलिएस्टरलाच धरतो, सुती कापडाला नाही. शिवाय या शाईंत पांढरी शाई नसते, म्हणून कापड पांढरे किंवा अगदी फिके असावे लागते. काळ्या सुती शर्टावर मित्राचा फोटो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे यंत्र काहीच देऊ शकत नाही; आणि तशी मागणी करणारेच अधिक असतात. आणखी एक गैरसमज येथे दूर करावा. संघाचा अंगभर रंगीत छापलेला जर्सी-शर्ट हा शिवण्यापूर्वी, मोठ्या रुंदीच्या यंत्रांवर छापलेल्या कापडातून तयार होतो. घरातल्या ए-फोर प्रिंटरवर छातीएवढा तुकडा छापता येतो, जर्सी नव्हे.

चौथी डीटीएफ. यात प्लास्टिकच्या फिल्मवर रंगीत शाई, तिच्यामागे पांढरी शाई, त्यावर उष्णतेने वितळणारी चिकट भुकटी, आणि मग भट्टीत तापवून घेतलेली फिल्म हीट प्रेसखाली शर्टावर दाबणे, असा क्रम असतो. सुती, पॉलिएस्टर, काळे, पांढरे, सर्व कापडांवर हे चालते. म्हणून नवख्या माणसाचे मन या यंत्रावर बसते आणि तेथेच हिशेब फसण्याची शक्यता सर्वाधिक असते. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो; शाई स्वस्थ राहिली की तो तळाशी बसतो आणि प्रिंटरचे हेड तुंबते. म्हणजे काम असो वा नसो, यंत्र रोज चालवावे लागते, शाई खर्ची घालावी लागते. भुकटी तापताना निघणाऱ्या धुराला बाहेर जाण्याची वाट हवी, हे वेगळेच. गोठ्यातील जनावर दूध देत नसले तरी वैरण खाते. डीटीएफ यंत्राची जात तीच.

यातून एक सरळ गोष्ट निघते. व्हायनल असो, सब्लिमेशन असो की डीटीएफ, शेवटचा दाब हीट प्रेसच देते. आणि हीट प्रेस चार महिने बंद राहिली तरी तिला काही होत नाही. ना शाई वाळते, ना हेड तुंबते. म्हणून पहिले यंत्र हीट प्रेस, आणि पहिले काही महिने फक्त हीट प्रेस. छापील डीटीएफ फिल्म मीटरच्या दराने करून देणारे व्यावसायिक आता बहुतेक शहरांत आहेत, कुरिअरनेही फिल्म येते. फिल्मची रुंदी बहुधा ६० सेंटिमीटर असते, त्यातील सुमारे ५८ वापरता येते. एका मीटरमध्ये २८ बाय ३२ सेंटिमीटरच्या सहा मोठ्या आकृती बसतात, किंवा खिशावरील छोटी बोधचिन्हे, मधली जागा धरून ९ सेंटिमीटरच्या चौकोनात मांडली तर ६६. मांडणी करणाऱ्याच्या डोक्यावर नफा अवलंबून असतो. फिल्मची मोकळी जागाही पैसे देऊनच आलेली असते.

आता आकडेमोड. पुढील रकमा केवळ उदाहरणासाठी आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजारातील दर घालून पाहावे. समजा १८० जीएसएमचा कोरा सुती शर्ट १५० रुपयांना पडला, फिल्म ४० रुपयांची, वीज व पिशवी १० रुपये. एकूण २००. विक्री ३०० रुपयांना. वीस शर्टांत एक बिघडतो असे धरले तर त्याचे २०० रुपये विसांवर वाटून प्रत्येकी १०. म्हणजे एका शर्टामागे ९० रुपये उरतात. हीट प्रेस १४ हजारांची आणि किरकोळ साहित्य ४ हजारांचे धरले, तर २०० शर्टांत भांडवल मोकळे होते. गणेशोत्सवाच्या एका हंगामात हे शक्य आहे.

हाच हिशेब डीटीएफ यंत्राला लावावा. यंत्र एक लाख ऐंशी हजारांचे धरू. फिल्म बाहेरून आणण्याऐवजी घरी छापल्याने शर्टामागे २५ रुपये वाचतात असे मानू. १,८०,००० भागिले २५ म्हणजे ७,२०० शर्ट. महिन्याला दीडशे शर्ट जात असतील तर यंत्राची किंमत निघायला चार वर्षे लागतील, आणि त्यात बदललेल्या हेडचा खर्च, रोजची वाया जाणारी शाई आणि व्याज धरलेलेच नाही. महिन्याला हजार शर्टांची खात्रीची मागणी असेल तेव्हा हे यंत्र स्वस्त ठरते. त्याआधी ते दुसऱ्याच्या दुकानात असणेच फायद्याचे.

हीट प्रेस घेताना मोठ्यांच्या छातीच्या आकृतीला पुरेल असा ३८ बाय ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे १५ इंची, सपाट पाट असावा. शिंपल्यासारखे वर उघडणारे यंत्र कमी जागा घेते. बाजूला सरकणाऱ्या पाटाचे जागा अधिक घेते, पण शर्ट मांडताना हात तापल्या लोखंडाखाली जात नाही. घरात लहान मुले असतील तर हा दुसरा प्रकार बरा. कप, टोपी, ताटली असे सर्व काही एकाच सांगाड्यावर करून देणारे पाच-इन-वन संच पहिल्या खरेदीत टाळावेत. त्यातील सपाट पाट बहुधा लहान व हलका असतो, आणि रोजचे काम त्याच्यावरच असते.

यंत्र दुकानात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन परीक्षा पुरेशा आहेत. पाटाच्या चारही कोपऱ्यांत कागदाची एकेक पट्टी ठेवून यंत्र बंद करावे आणि पट्ट्या ओढून पाहाव्यात. एखादी सहज निसटली तर त्या कोपऱ्यात दाब नाही. दुसरी, पूर्ण काळा छापलेला सब्लिमेशनचा कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर दाबून पाहावा. कडेला रंग फिका उमटला तर तेथे उष्णता कमी आहे, मग समोरचा काटा २०० दाखवो की ३००. सोबत एक जादा टेफ्लॉन शीट आणि सिलिकॉनची गादी घ्यावी, आणि तापपट्टी जळाली तर गावात बदलून मिळते का, हे विचारावे. या आकाराचे यंत्र साधारण दीड किलोवॉट वीज ओढते. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि खरे अर्थिंग लागते. जुन्या घरांत माळ्यावर गेलेली वायर बहुधा दिवा-पंख्याच्याच ताकदीची असते. वायरमनची मजुरी यंत्राच्या किमतीत आधीच धरावी.

जुनी हीट प्रेस, पाट वाकलेला नसेल तर, घेण्यास हरकत नाही. जुना प्रिंटर मात्र घेऊ नये. त्याच्या हेडची अवस्था बाहेरून दिसत नाही, आणि ती डोकेदुखी पैसे मोजून घरी आणण्यात अर्थ नाही.

दुसरे यंत्र कटिंग प्लॉटर. कारण ते शर्ट आणि स्टिकर या दोन्ही कामांना उपयोगी पडते आणि स्वस्थ राहिले तरी बिघडत नाही. घरगुती कामासाठी सिल्हूएट कॅमिओ किंवा क्रिकट यांसारखी बारा इंची यंत्रे मिळतात. रेडियमवाल्यांच्या दुकानांत दिसणारे दोन फुटी प्लॉटर त्याहून भक्कम, पण जागा खाणारे. घेण्यापूर्वी आज्ञावलीची चौकशी करावी. क्रिकट तिच्या स्वतःच्या आज्ञावलीशिवाय चालत नाही. सिल्हूएटची मूळ आज्ञावली विनामूल्य आहे, मात्र एसव्हीजी प्रकारची आकृती उघडण्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. छापलेल्या स्टिकरच्या कडेने नेमके कापायचे असेल, तर कागदावरील खुणा वाचणारा प्रकाशसंवेदक यंत्रात हवा. तो नसलेला प्लॉटर स्वस्तात मिळतो आणि पुढे पस्तावा होतो.

स्टिकरच्या बाबतीत एक भाबडी अपेक्षा सोडून द्यावी. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर नक्षीदार आकडे लावून देण्याचे काम आता धंद्यात धरू नये. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी कारखान्यातून येते, जुन्या वाहनांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली आहे. स्टिकरचे खरे गिऱ्हाईक दुसरीकडे आहे: पापड, लोणची, मसाले, मुखवास करणारे घरगुती उद्योग, मिठाईची दुकाने, लग्नातील भेटवस्तू. त्यांना दोनशे-तीनशे लेबले लागतात, आणि मोठा मुद्रक एवढ्या छोट्या कामाला हात लावत नाही. हे लेबल सुरुवातीला जवळच्या डिजिटल छपाईच्या दुकानातून स्टिकरच्या कागदावर छापून आणावे आणि घरी कापावे. साध्या इंकजेटच्या शाईने छापलेले लेबल बरणीवर ओला हात लागताच पसरते. त्याच्यावर लॅमिनेशन हवेच.

सब्लिमेशनचा प्रिंटर तिसऱ्या क्रमांकावर, आणि तोही कप किंवा फिक्या रंगाच्या पॉलिएस्टर शर्टांच्या ऑर्डरी हातात आल्यावर. साध्या इंक-टँक प्रिंटरमध्ये सब्लिमेशनची शाई भरण्याची पद्धत रूढ आहे. तसे केल्यावर कंपनीची हमी संपते आणि तो प्रिंटर पुन्हा घरच्या कागदपत्रांच्या कामी येत नाही, हे ध्यानात ठेवून ते करावे. प्रिंटरही डीटीएफइतका नसला तरी खादाड आहेच. दर दोन-चार दिवसांनी एक पान छापावे लागते.

लाल रंगाविषयी एक सूचना. फुटबॉल संघाच्या लाल किंवा गडद पॉलिएस्टर जर्सीवर पांढरा क्रमांक दाबला, की उष्णतेने कापडाचा रंग सुटून वर चढतो आणि दोन दिवसांत पांढरा आकडा गुलाबी होतो. अशा कापडासाठी रंग अडविणारे वेगळे व्हायनल आणि कमी उष्णता लागते. पहिलीच ऑर्डर अकरा खेळाडूंच्या लाल जर्सींची असेल तर तिला हात लावण्यापूर्वी एका जर्सीवर प्रयोग करून चार दिवस थांबावे. एरवीही प्रत्येक नव्या कापडाचा एक नमुना दाबून, एक दिवस तसाच ठेवून, उलटा करून चार-पाच वेळा धुऊन पाहावा आणि मगच दर सांगावा.

कोऱ्या शर्टांचा साठा हा या धंद्यातील अदृश्य खड्डा आहे. पाच मापे, चार रंग, प्रत्येकी पाच नग म्हणजे शंभर शर्ट. १५० रुपयांनी १५ हजार रुपये फडताळात बसले, आणि गिऱ्हाइकाने मागितलेला पाचवा रंग त्यात नसतोच. तिरुपूरहून येणारा माल गांधीनगरला रोज मिळत असता घरी साठा कशाला करावा? पांढरा आणि काळा, तोही मधल्या मापांत, एवढा पुरे. कापड दुकान असलेल्या घराला येथे इतरांपेक्षा मोठा फायदा आहे: उरलेला कोरा शर्ट खालच्या दुकानात विकला जातो. छापलेला मात्र नाही. ज्याच्यावर एका मंडळाचे नाव आणि वर्ष छापले, त्याला दुसरा गिऱ्हाईक नाही. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय एकही शर्ट दाबू नये. मंडळांची वर्गणी उशिरा जमते, देणे त्याहून उशिरा होते, हे व्यापारी घराला सांगण्याची आवश्यकता नाही. तरी ओळखीच्या मंडळापाशी हेच घर नेमके संकोचते.

कायद्याची एक बाजूही आहे. युरोपातील फुटबॉल क्लबांची चिन्हे, चित्रपटकंपन्यांची पात्रे, नामांकित बुटांच्या खुणा छापून मागणारे पुष्कळ येतील. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे व्यापारचिन्ह वापरणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘सगळेच छापतात’ हा त्यावरचा बचाव नव्हे. तालमीचे स्वतःचे चिन्हही मंडळाच्या लेखी ऑर्डरवरच छापावे.

भांडवलाचा प्रश्न उरला. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाखाली ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. हीट प्रेस, प्लॉटर आणि वायरिंग एवढ्यात बसते. दिवाळीच्या मालाच्या रकमेला हात लावावा लागत नाही. बारा टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. वरच्या हिशेबातील ९० रुपयांनी भागले तर महिन्याला १९ शर्ट. महिन्याला एवढे शर्ट निश्चित जातील की नाही, हे ओळखीच्या दहा ठिकाणी विचारून, शक्य तर आगाऊ घेऊन, अर्ज करण्यापूर्वीच पाहता येते. एक लाख दहा हजारांचा संच कर्जावर घेतला असता तर याच हिशेबाने हप्ता ३,६५० च्या आसपास आणि शर्ट ४१ झाले असते. शिवाय त्यातील कप आणि टोपीची जोडयंत्रे किती दिवस चालली असती हा प्रश्न राहिलाच.

बिल कोणाच्या नावे घ्यावे, यावर घरात हमखास चर्चा होते. दुकानाच्या नोंदणीवर घेतले तर यंत्रावरील १८ टक्के जीएसटीची जमा मिळते, म्हणून सासरे दुकानाचे नाव सुचवितात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. १४ हजारांच्या यंत्रात ही जमा सुमारे २,१३५ रुपयांची होते. परंतु मग विक्रीही दुकानाच्याच वह्यांत जाते, आणि तीन वर्षांनी सुनेने मोठ्या यंत्रासाठी बँकेत अर्ज केला तर तिच्या नावावर दाखविण्यासारखे काहीच नसते: ना उलाढाल, ना फेडलेले कर्ज, ना खात्यावरील आवक. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. ती सुनेच्या नावे करावी, बँकेत तिच्या उद्योगाचे वेगळे चालू खाते उघडावे, मुद्राचा अर्ज तिचा असावा आणि यंत्राचे बिलही तिच्याच नावे घ्यावे. खालच्या दुकानातून वर जाणाऱ्या प्रत्येक कोऱ्या शर्टाचे बिलही रीतसर फाडावे आणि त्याचे पैसे तिच्या खात्यातून दुकानाच्या खात्यात जमा व्हावेत.